ड्रॅगन खरोखर होता काय?

मंडळी, हल्लीची मुले एक प्रश्न हमखास विचारतात. पडद्यावर त्यांनी एक प्राणी पाहिलेला असतो. त्याचे अंग सापाचे, पाय घोरपडीचे, पंख वटवाघळाचे आणि तोंडातून जाळ. त्याचे नाव ड्रॅगन. पोरगं विचारतं, "गुरुजी, हा खरंच होता का हो?"

या प्रश्नाला दोन उत्तरे सोपी आहेत. एक म्हणजे, "छट्! साऱ्या भाकडकथा." आणि दुसरे, "होता रे बाबा, फार पूर्वी होता." दोन्ही उत्तरांनी पोरगं गप्प बसतं, पण शहाणं होत नाही. पहिल्या उत्तराने त्याची गोष्ट मरते, दुसऱ्याने त्याची विचारशक्ती. तेव्हा आपण तिसरे उत्तर शोधू या. त्यासाठी लांब जायला नको. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा अशा चार नद्यांचा आपला शिरोळ तालुका पुरेसा आहे. कारण ज्या जिवांचे अवयव जोडून माणसाने हा प्राणी रचला, त्यांतले बहुतेक आपल्या डोहात, बांधावर आणि ओढ्याच्या कपारीत आजही राहतात.

आधी शब्द पाहू. 'ड्रॅगन' हा शब्द मूळ ग्रीक 'द्राकोन' यापासून आला. त्याचा अर्थ मोठा साप. भाषापंडित सांगतात की या शब्दाचे मूळ 'पाहणे' या अर्थाच्या धातूत आहे, आणि तो धातू आपल्या संस्कृतातल्या 'दृश्' धातूचा भाऊबंद आहे. म्हणजे द्राकोन हा रोखून पाहणारा, पापणी न हलवणारा. सापाला पापणी नसते हे आपल्याला ठाऊकच आहे. आपला वेदातला शब्द 'अहि'. इराणी लोकांच्या जुन्या धर्मग्रंथात हाच शब्द 'अझि' असा येतो, आणि तिथला अझि दहाक हा तीन तोंडांचा राक्षसी सर्प आहे. शब्दच नातेवाईक निघाले, मग कथा नातेवाईक निघाल्या तर नवल काय?

ऋग्वेदातल्या अहीचे नाव वृत्र. त्याने काय केले? पाणी अडवले. डोंगराभोवती वेटोळे घालून तो निजला आणि त्याने नद्या कोंडून धरल्या. इंद्राने वज्राने त्याला फोडले, तेव्हा पाणी मोकळे होऊन समुद्राकडे धावले. शेतकऱ्याला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. ढग दाटून येतात, अंधारून येते आणि पाऊस मात्र पडत नाही, तेव्हा वर कोणीतरी पाणी दाबून बसलाय असे आपल्यालाही वाटतेच की! वीज कडाडली आणि पाऊस कोसळला, म्हणजे वृत्र मेला.

पुढच्या काळात आपल्याकडे अशा सर्पांचा मोठा गोतावळा झाला. समुद्रमंथनात दोरी झालेला वासुकी आणि पृथ्वी तोलून धरणारा शेष आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. यमुनेचा डोह नासवणारा कालिया आहे. भागवतातला अघासुर तर अजगराचे रूप घेऊन वाटेवर जबडा वासून पडतो, आणि गवळ्यांच्या पोरांना ती गुहाच वाटते. महाभारताची तर गंमत आहे. राजा जनमेजयाने सापांचा समूळ नाश करण्यासाठी सर्पसत्र मांडले आणि त्या सत्रातच वैशंपायनांनी त्याला ही सारी कथा ऐकवली. शेवटी आस्तिक नावाच्या तरुण ऋषीने ते सत्र थांबवले आणि उरलेले नाग वाचले.

इथे एक खूण लक्षात ठेवा. वृत्र मारला गेला, अघासुरही मारला गेला. पण कालियाला कृष्णाने मारले नाही. त्याला यमुना सोडून समुद्रातल्या रमणक बेटावर जायला सांगितले. श्रावणातली नागोबाची कहाणीही अशीच आहे. शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिल्ले मरतात, ती सूड घेते, आणि शेवटी त्या घरच्या लेकीची भक्ती पाहून नागीण प्रसन्न होते. म्हणून त्या दिवशी नांगर धरायचा नाही, चिरायचे नाही, तवा ठेवायचा नाही. जमीन तुझीही आहे नि माझीही आहे, असा हा दोघांतला करारच म्हणा ना.

आता जगात एक फेरी मारू. बाबिलोन नगरीच्या इश्तार वेशीवर रंगीत विटांत एक प्राणी दाखवला आहे. त्याचे अंग खवल्यांचे, मान लांब, पुढचे पाय सिंहाचे आणि मागचे पाय गरुडाचे. ही वेस अडीच हजार वर्षांहून जुनी आहे. युरोपातला ड्रॅगन गुहेत सोन्याच्या ढिगावर बसतो. नॉर्स लोकांच्या कथेत फाफ्निर, इंग्रजांच्या जुन्या बेओवुल्फ काव्यातला सर्प, सारे धनाचे राखणदार. वीर येतो, त्याला मारतो आणि धन घेऊन जातो. चीनमध्ये उलट आहे. तिथला 'लुंग' पाण्याचा आणि पावसाचा स्वामी. तो शुभ, राजाच्या वस्त्रावर शोभणारा. त्याला पंख नसतात, तरी तो ढगांतून विहरतो.

देश बदलला की या प्राण्याचा स्वभाव बदलतो, पण त्याची नोकरी फारशी बदलत नाही. तो एक तर पाण्यावर बसतो, नाही तर धनावर, नाही तर दारावर. आपल्या मराठीत चिक्कू माणसाला 'धनावरचा भुजंग' म्हणतात. फाफ्निर आणि आपल्या पडक्या वाड्यातल्या तळघरावरचा नाग यांत अंतर ते किती?

बरे, कथा पुष्कळ झाल्या. आता न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसू आणि एकेक साक्षीदार बोलावू.

पहिला साक्षीदार आपल्या नदीतला. मगर. आपल्या भागात तिला सर्रास 'सुसर' म्हणतात. पुस्तकात मात्र सुसर म्हणजे लांब, निमुळत्या तोंडाचा वेगळा प्राणी, आणि तो कृष्णेत नाही. कृष्णेत आहे ती रुंद जबड्याची मगर. सांगली-शिरोळ भागातल्या नदीकाठच्या गावांना ती नवी नाही. मोठा नर बारा ते पंधरा फुटांपर्यंत वाढतो. अंगावर हाडांच्या ढाली, शेपटीवर करवतीसारखे दाते. डोळे आणि नाकपुड्या तेवढ्या पाण्याबाहेर, बाकी सारे पाण्याखाली. वैशाखाच्या उन्हात ती वाळूवर तोंड उघडे टाकून पडते. ते चिडून नव्हे. अंग थंड राखण्याची ती तिची रीत आहे. पण पलीकडच्या काठावरून पाहणाऱ्याला काय वाटेल? आता हिच्या तोंडून जाळ निघणार!

तिची आणखी एक रीत ऐका. उन्हाळा लागता लागता मादी काठावरच्या मऊ मातीत खड्डा करते, त्यात पंचवीस-तीस अंडी घालते, माती ओढून तो बुजवते आणि पुढचे सुमारे दोन महिने त्याच्या आसपास राहून राखण करते. पावसाच्या तोंडाशी पिल्ले आतून आवाज देतात. मग ती खड्डा उकरते आणि पिल्लांना अलगद जबड्यात धरून पाण्यात नेऊन सोडते. आता जुन्या काळच्या माणसाच्या डोळ्यांनी हे पाहा. एक भयंकर प्राणी जमिनीत काहीतरी पुरून ठेवतो आणि त्या जागेवरून हलत नाही. राखणदार सर्पाची कथा अशाच काही दृश्यांतून जन्मली असेल, असे म्हटले तर ते अगदीच वावगे ठरू नये.

पुराच्या दिवसांत तर या प्राण्याचे रूप आणखी वाढते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यात, पाण्यात बुडालेल्या एका घराच्या छपरावर मगर येऊन बसली होती. तिचे चित्र साऱ्या देशाने पाहिले. छायाचित्र नसते आणि ही बातमी शंभर वर्षे तोंडोतोंडी फिरली असती, तर ती छपरावर चढली कशी याचे उत्तर लोकांनी काय दिले असते? "उडत आली!" मंडळी, पंख असेच फुटतात.

आता खिद्रापूरला चला. तिथले कोपेश्वराचे देऊळ शिलाहारांच्या काळातले, बाराव्या शतकातले. यादव राजा सिंघण याचा शके ११३६ चा, म्हणजे इसवी सन १२१३-१४ च्या सुमाराचा, शिलालेख तिथे आहे. देवळाच्या तळाशी जे हत्ती कोरले आहेत ते पाहा. पाथरवटाने हत्ती डोळ्यांनी पाहिलेला आहे, हे एका नजरेत कळते. सोंडेच्या वळ्या, पायांची ठेवण, सारे जिथल्या तिथे. पण त्याच काळातल्या देवळांच्या तोरणांवर 'मकर' पाहिलात, तर निराळाच प्रकार. जबडा मगरीचा, नाकाला हत्तीची सोंड, मागे माशाची किंवा पानाफुलांची शेपटी. हाच मकर गंगेचे आणि वरुणाचे वाहन. हत्ती इतका हुबेहूब कोरणाऱ्या कारागिरांना मगर कोरता आली नसती काय? आली असती. पण त्यांना मगर नव्हे, पाण्याची ताकद कोरायची होती. किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ असतो. वाघासारखा, पंजांत आणि शेपटीत हत्ती दाबलेला. तो कुठल्या रानात राहतो असे कोणी विचारत नाही. इथे जबर धन्याचे राज्य आहे, एवढे तो सांगतो. दगडातला प्राणी ही एक भाषा आहे. भाषा खरी-खोटी नसते. ती समजते किंवा समजत नाही.

दुसरा साक्षीदार घोरपड. हिला तर आपल्याकडे आडनावाचा मान मिळाला आहे. इचलकरंजी, कापशी, दत्तवाड ही घोरपडे घराण्याची ठाणी आपल्या आसपासचीच; सेनापती संताजी घोरपडे याच नावाचे. परंपरा सांगते की, बहामनी काळात या कुळातल्या पुरुषाने घोरपडीला दोर बांधून अवघड किल्ला सर केला, आणि त्यावरून हे नाव पडले. सिंहगडाच्या पोवाड्यातली तानाजीची 'यशवंती' तर सर्वांना ठाऊक आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगड घेतला आणि तानाजी पडले, हा इतिहास आहे. घोरपडीचा भाग मात्र इतिहासकार दंतकथाच मानतात. घोरपड कपारीत शिरली की अंग फुगवते, नखे रोवते आणि ओढून निघत नाही, हे खरे. पण तिला हव्या त्या जागी चढवणे आणि तिच्या भरवशावर माणसे लोंबकळवणे, हे होणारे नाही. मग कथा खोटी का? मावळ्यांची चिकाटी सांगायला शाहिराला याहून चांगला प्राणी कोणता मिळाला असता?

आपली घोरपड शेपटीसकट पाच-साडेपाच फुटांची. पण हिचा एक थोरला चुलता इंडोनेशियाच्या कोमोडो आणि शेजारच्या बेटांवर राहतो. दहा फुटांपर्यंत लांब, रेडकू फाडणारा, दुभंगलेली पिवळी जीभ बाहेर काढत चालणारा. १९१२ साली शास्त्रज्ञांनी त्याची शास्त्रीय नोंद केली आणि लोकांनी त्याला नाव दिले, कोमोडोचा ड्रॅगन. जगात ड्रॅगन नावाचा जिवंत प्राणी पाहायचाच असेल तर तो हा. जातीने घोरपडच.

पंखांसाठीही साक्षीदार आहे. गोव्यापासून दक्षिणेकडच्या सह्याद्रीच्या दाट झाडीत एक वीतभर लांबीचा सरडा राहतो. त्याच्या बरगड्या बाहेर वाढलेल्या असतात आणि त्यांवर कातडीचा पडदा असतो. तो पसरून हा एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. शास्त्रज्ञांनी त्याच्या कुळाचे नाव ठेवले आहे 'ड्रॅको'. सरडा मुंग्या खातो आणि नाव मिरवतो ड्रॅगनचे!

तिसरा साक्षीदार साप. सापाविषयी आपल्याला काय सांगायचे? पण २०२४ साली एक गोष्ट प्रसिद्ध झाली ती ऐकण्यासारखी आहे. कच्छमधल्या पानंध्रो इथल्या लिग्नाइट कोळशाच्या खाणीत एका सापाच्या पाठीचे सत्तावीस मणके सापडले होते. रुडकीच्या आय. आय. टी. संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला. साप सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा आणि लांबी त्यांच्या अंदाजाने ११ ते १५ मीटर. म्हणजे छत्तीस ते पन्नास फूट! त्यांनी त्याचे नाव ठेवले 'वासुकी इंडिकस'. पाहा, पुराणातले नाव विज्ञानाने किती आदराने घेतले. पण म्हणून पुराणकारांनी हा साप पाहिला होता, असे मात्र म्हणता येत नाही. त्या काळी पृथ्वीवर माणूसच नव्हता. आपल्यासारखा माणूस होऊन फार तर तीन लाख वर्षे झाली.

आता चौथा आणि सर्वांत पक्का साक्षीदार, हाडे. ऑस्ट्रिया देशात क्लागेनफुर्ट नावाचे गाव आहे. त्या गावाच्या चौकात ड्रॅगनचा मोठा दगडी पुतळा आहे, सोळाव्या शतकाच्या अखेरीचा. गावाजवळ चौदाव्या शतकात एक भली मोठी कवटी सापडली होती. लोक म्हणाले, आपल्या कथेतला ड्रॅगन तो हाच. आणि शिल्पकाराने डोके घडवताना तीच कवटी समोर ठेवली, असे सांगतात. पुढे शास्त्रज्ञांनी ती कवटी तपासली. ती निघाली हिमयुगातल्या केसाळ गेंड्याची!

"आमच्याकडे कुठला आलाय गेंडा?" असे म्हणाल, तर गोकाककडे बोट दाखवतो. आपल्यापासून फार लांब नाही. तिथे घटप्रभेच्या काठच्या गाळात भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना एका नामशेष गेंड्याची हाडे मिळाली आणि १८७४ साली त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. 'दख्खनचा गेंडा' अशा अर्थाचेच नाव त्याला दिले. घटप्रभा ही कृष्णेचीच उपनदी. जी कवटी क्लागेनफुर्टच्या लोकांना मिळाली तशी एखादी आपल्या आज्या-पणज्यांना नदीच्या दरडीत मिळाली असती, तर तिच्यापुढे नारळ फुटला असता आणि चार पिढ्यांत एक दैत्यकथा तयार झाली असती.

चीनमध्ये जुनी हाडे 'ड्रॅगनची हाडे' म्हणून औषधांच्या दुकानांत विकली जात. १८९९ च्या सुमारास त्यांतल्या काही हाडांवर कोरलेली अक्षरे एका विद्वानाच्या ध्यानात आली, आणि चीनच्या सर्वांत जुन्या लिपीचा शोध लागला. औषध म्हणून कुटून खाल्लेला इतिहास किती असेल, कोण जाणे!

आणि आपल्याबद्दल परदेशी लोक काय म्हणत होते? रोमन लेखक प्लिनी सांगतो की हिंदुस्थानात ड्रॅगन हत्तींशी झुंजतात. तिसऱ्या शतकात फिलोस्ट्रेटस नावाच्या ग्रीक लेखकाने तर लिहून ठेवले की हिंदुस्थानची भूमी ड्रॅगनांनी भरलेली आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक डोंगरांत मोठमोठ्या नामशेष प्राण्यांची हाडे पुष्कळ सापडतात. अशाच हाडांवरून हे वर्णन आले असावे, असे आजचे काही अभ्यासक म्हणतात. आपण म्हणतो ड्रॅगन तिकडचा, ते म्हणतात तुमच्याकडचा. दुरून डोंगर साजरे, आणि दुरून साप मोठा.

"मग डायनोसॉर?" हा प्रश्न वर्गातला हुशार मुलगा विचारणारच. डायनोसॉर खरोखर होते, आणि आपल्या देशातही होते. जबलपूरला १८२८ साली त्यांची हाडे सापडली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा गावच्या शिवारात त्यांची हाडे आणि दगड झालेली शेणसुद्धा मिळाली आहेत. हवेत तरंगणारे, दहा मीटरभर पंखांचे सरपटणारे प्राणीही त्या काळी जगात होते. पण हे सारे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी नाहीसे झाले. त्याच सुमारास आपल्या दख्खनमध्ये जमिनीला भेगा पडून लाव्ह्याचे थरावर थर पसरत होते. तोच आपला काळा कातळ, आणि तोच झिजून झालेली आपली काळी माती. आपल्याकडे विहिरीला कातळ लागतो, तो त्या आगीचा थिजलेला थर आहे. म्हणून गुरुजी, मुलांना सांगा: आग ओकणारे काही खरोखरच असेल, तर ते आपल्या पायांखाली आहे, आणि आपण त्यावर ऊस लावतो. माणूस आणि डायनोसॉर यांची भेट मात्र कधी झाली नाही. मध्ये सहा कोटींहून अधिक वर्षांचे अंतर आहे.

तेव्हा निकाल काय? मगरीचा जबडा, सापाचे अंग, घोरपडीचे पाय, वटवाघळाचे पंख आणि जमिनीतून निघालेली हाडे, या साऱ्या वस्तू खऱ्या. त्यांना जोडणारा दोरा माणसाच्या मनातला. तोंडातून जाळ काढणारा प्राणी मात्र जगाच्या पाठीवर कधी सापडलेला नाही. सापाचे विष अंगात आगीसारखे पेटते, त्यावरून तो जाळ तोंडात आला असेल. म्हणून ड्रॅगन होता काय, याचे उत्तर असे: प्राणी म्हणून नव्हता. माणसाची भीती म्हणून होता, आणि अजूनही आहे.

हे 'अजूनही' फार महत्त्वाचे आहे. त्यासाठीच हा सारा खटाटोप.

धनावरच्या भुजंगाची कथा ऐकायला गोड. पण तिच्याच पोटी आपल्या भागात एक वाईट धंदा उभा राहिला. मांडूळ नावाचा गरीब साप आहे. बिनविषारी, उंदीर खाणारा, शेतकऱ्याचा मित्र. त्याची शेपटी बोथट, म्हणून दुरून दोन तोंडे असल्यासारखी दिसतात. हा साप गुप्तधन दाखवतो असे सांगून भोंदू लोक त्याचे लाखांनी सौदे करतात. घोरपडीचा वाळवलेला अवयव 'हाथाजोडी' नावाची मुळी म्हणून, घरात लक्ष्मी येईल असे सांगून विकतात. लक्ष्मी येते ती विकणाऱ्याच्या घरी. घेणाऱ्याच्या घरी येतात पोलीस आणि वनखात्याचे लोक. कारण मांडूळ, घोरपड आणि मगर या तिघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. आणि गुप्तधनाच्या नावाखाली याहून भयंकर गोष्टी घडल्या, म्हणून तर महाराष्ट्राला २०१३ साली नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्ध कायदा करावा लागला. धनावर भुजंग बसत नाही, मंडळी. धनाच्या आशेवर माणूस बसतो, आणि त्याचाच भुजंग होतो.

दुसरे टोकही तितकेच वाईट. भीतीपोटी आपण साप म्हणून भुई धोपटतो. धामण दिसली, मार. घोरपड दिसली, मार. मगरीचे अंड्यांचे बीळ दिसले, फोड. एवढा नाग पुजणारा समाज, आणि नागपंचमीच्या दुसऱ्याच दिवशी हातात काठी! नागोबाच्या कहाणीतला करार मग कुठे गेला?

आणि तिसरे म्हणजे बेफिकिरी. मगर कथेतली नाही, खरी आहे. संध्याकाळी अंधार पडताना खोल पाण्याच्या काठावर धुणे धुऊ नये, पोरांना एकटे सोडू नये. उन्हाळ्यात जिथे ती वाळूवर ठाण मांडून दिसते, तिथे अंडी असण्याचा संभव धरून चार हात दूर राहावे. पुरात वस्तीत आली, तर दगड मारीत जमाव करू नये, वनखात्याला कळवावे. सापाने चावले तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा. सर्पविषावरची लस तिथे असते, मंत्रात नसते. डोळ्यांसमोरच्या मगरीला जपून वागणे हे शहाणपण. मनातल्या मगरीला भिऊन हातात दगड घेणे हा अडाणीपणा.

गुरुजनांना एक सुचवावेसे वाटते. ड्रॅगनचा प्रश्न आला की मुलांकडून एक तक्ता करून घ्या. एका बाजूला ड्रॅगनचे अवयव लिहा, दुसऱ्या बाजूला तो अवयव कोणत्या खऱ्या प्राण्याचा, आणि तो प्राणी आपल्या गावात कुठे दिसतो. मग मुलांना आजी-आजोबांकडे पाठवा. डोहातली, वाड्यातली, बांधावरची राखणदाराची कथा प्रत्येक गावात एक तरी असते. ती लिहून आणायला सांगा. कथा जपली जाईल, आणि तिच्यातले खरे किती, रचलेले किती हे मूल स्वतः शोधील. खिद्रापूरला सहल नेलीत तर मुलांना हत्तींपुढे उभे करून विचारा, हे कोरणाऱ्याने हत्ती पाहिला होता का, आणि ते तुम्ही कशावरून ओळखले? इतिहास शिकवायची ही पहिली पायरी आहे: कोणी पाहिले, कोणी ऐकले, आणि कोणी रचले.

याला आधार महाभारताचाच आहे. वनपर्वात एक अजगर भीमाला विळखा घालतो. दहा हजार हत्तींचे बळ असलेला भीम, पण त्याला तो विळखा काही सुटत नाही. हा अजगर म्हणजे शापाने सर्प झालेला राजा नहुष. धर्मराज शोधत शोधत तिथे येतो. तो शस्त्र उचलत नाही. अजगर प्रश्न विचारतो, आणि धर्मराज शांतपणे एकेका प्रश्नाचे उत्तर देतो. उत्तरे बरोबर आली आणि विळखा सैल झाला. भीमही सुटला, आणि शापातून नहुषही सुटला.

पोरगं प्रश्न घेऊन समोर उभं राहील तेव्हा हे ध्यानात असू द्या. बळाने सुटला नाही असा तो विळखा उत्तराने सुटला होता.